भेटला की भेटले? : अनियतकालिकांची कविता आणि एका भित्तिपत्रकाचा प्रवास

गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी जरा वैतागूनच विचारलं होतं की प्रायोगिक कविता म्हणजे न कळणारी कविता, एवढंच ना? वेळ संपली होती म्हणून आम्ही तेव्हा हसून विषय पुढे ढकलला. प्रश्न रास्त आहे. मर्ढेकरांपासून मराठी वाचक तो विचारत आलेला आहे. आज त्याचं उत्तर शोधू, पण त्यासाठी अशी एक कविता घेऊ, जी कळायला मुळीच अवघड नव्हती. इतकी सोपी होती, की ती वाचून काही लोक थेट तक्रार करायला गेले आणि एकवीस वर्षांनी तिच्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला'. तिच्यातल्या ओळी आम्ही इथे वाचणार नाही. शीर्षकापाशी थांबलो तरी आजच्या तासाला पुरेल.

सुरुवात व्याकरणापासून करू. मराठीत आपण 'साहेब भेटले' म्हणतो, 'सर भेटले', 'आजोबा भेटले' म्हणतो. पण पंढरपूरहून आलेला माणूस 'विठ्ठल भेटला' म्हणतो. 'विठ्ठल भेटले' असं कुणी म्हणालं तर ऐकणाऱ्याला वाटेल हे विठ्ठल नावाचे कुणी गृहस्थ असावेत, पोस्टात वगैरे नोकरीला. देवाला एकेरी, आईला एकेरी, जिवलग मित्राला एकेरी, तान्ह्या पोराला एकेरी. आणि ज्याचा पाणउतारा करायचा त्यालाही एकेरीच. म्हणजे अत्यंत जवळीक आणि अत्यंत अनादर यांना मराठीने एकच रूप दिलं आहे, आणि त्यातलं कोणतं समजायचं हे ऐकणाऱ्यावर सोडलं आहे. बोलणारा कोण, कुठे बोलतोय, कुणाशी बोलतोय, हे माहीत असल्याशिवाय ते ठरत नाही.

'गांधी भेटला' यातलं एकेरी कोणतं? हा प्रश्न डोक्यात ठेवा. आता मागे जाऊ.

१९४७ साली मर्ढेकरांच्या 'काही कविता' आल्या. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, १९५२ साली मर्ढेकर निर्दोष सुटले. नवकवितेचं बारसंच कोर्टात झालं म्हणायचं. पण मर्ढेकर कितीही नवे असले तरी त्यांची कविता रीतसर छापखान्यातून आली होती. खिळे जुळले, प्रुफं तपासली गेली, पुस्तक बांधलं गेलं. त्यानंतर सातआठ वर्षांनी, १९५४-५५ च्या सुमारास, मुंबईत काही पोरांनी ही सगळी यंत्रणाच बाजूला ठेवली. दिलीप चित्रे तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे, अरुण कोलटकर विशीतले, सोबत रमेश समर्थ आणि आणखी काही मित्र. त्यांनी 'शब्द' नावाचं पत्र काढलं, आणि ते सायक्लोस्टाइल केलेलं होतं.

आजच्या तरुण श्रोत्यांना सायक्लोस्टाइल म्हणजे काय ते सांगायला हवं. मेण लावलेला एक पातळ कागद असे, त्याला स्टेन्सिल म्हणत. टाइपरायटरची रिबन बाजूला सारून त्याच्यावर टाइप करायचं, म्हणजे अक्षराच्या आकाराचं मेण खरवडलं जाई. किंवा लोखंडी टोकाच्या लेखणीने हाताने लिहायचं. चूक झाली तर नेलपॉलिशसारखा एक द्रव लावायचा, फुंकर मारून वाळवायचा आणि त्यावरच पुन्हा लिहायचं. मग तो कागद यंत्राच्या दंडगोलावर चढवायचा आणि हँडल फिरवत राहायचं. शाई त्या खरवडलेल्या जागांतून खाली झिरपे. कागद जरा खरबरीत, शाई शोषणारा लागे. काही शे प्रती निघाल्या की स्टेन्सिल फाटायला लागे. शाळा-कॉलेजांच्या प्रश्नपत्रिका, युनियनची पत्रकं, सहकारी संस्थांच्या सर्वसाधारण सभेच्या नोटिसा, सगळं याच यंत्रावर निघायचं. हाताला लागलेली शाई दोन दिवस जात नसे.

आता यात कवितेच्या दृष्टीने काय घडतं बघा. छापखान्यात कवितेची ओळ जुळाऱ्याच्या हातून जाते. त्याच्याकडे जेवढे खिळे आहेत, जी मापं आहेत, त्यांत ती बसवावी लागते. त्याआधी ती संपादकाच्या हातून गेलेली असते. स्टेन्सिलवर मधलं कुणीच नसतं. कवीने वेड्यावाकड्या अंतरावर शब्द लिहिले तर ते तसेच उमटतात. मध्येच चित्र काढलं तर तेही उमटतं. आणि मुख्य म्हणजे 'साभार परत' ही चिठ्ठी येण्याची सोयच उरत नाही. ज्यांनी कधी मासिकाला कविता पाठवलेली आहे त्यांना त्या दोन शब्दांचा दरारा ठाऊक असेल.

या पत्रांना नाव मिळालं 'अनियतकालिक'. शब्द कानाला जड आहे, पण नेमका आहे. नियतकालिकाला पुढचा अंक असतो, महिना उलटला की यावाच लागतो. अनियतकालिकाला पुढचा अंक असेलच असं नाही. वर्गणीदार नाहीत, जाहिराती नाहीत, म्हणून कुणाला सांभाळून घ्यायचंही नाही. 'शब्द' नंतर 'अथर्व', 'असो', 'वाचा', 'भारूड', 'येरू', 'फक्त', 'टिंब', 'अबकडई' अशी नावं येत गेली. जुन्या मासिकांची नावं आठवा: 'मनोरंजन', 'रत्नाकर', 'ज्योत्स्ना', 'अभिरुची'. आणि इथे 'फक्त'! 'असो'! कुणी पत्राच्या शेवटी लिहावं तसं. नाव ठेवतानाच भपका काढून टाकायचा, ही त्यांची रीत.

'असो' अशोक शहाण्यांचं. १९६३ साली शहाण्यांनी 'मनोहर'मध्ये एक लेख लिहिला, आजकालच्या मराठी वाङ्मयावर 'क्ष' किरण टाकणारा, आणि त्यात मान्यवर लेखकांची जी काही हजेरी घेतली, की मराठी साहित्यात पुष्कळ दिवस धूर निघत होता. त्याच वर्षी भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आली. नेमाडे पुढे लेखकाचा 'लेखकराव' कसा होतो यावर लिहिणार होते, तो शब्द आजही चालतो. शहाण्यांचं बंगालीवर प्रभुत्व होतं, आणि कलकत्त्यात त्याच सुमारास 'हंग्री' कवींनी जी धुमाळी उडवली होती तिची खबर मराठीत पोचायला त्यामुळे इंग्रजीचा वळसा घ्यावा लागला नाही. त्या मंडळींपैकी मलय रायचौधुरींना १९६४ मध्ये एका कवितेपायी अटक झाली, खालच्या कोर्टात शिक्षा झाली आणि १९६७ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. कवितेपायी कोर्ट, हे काही मराठीचंच वैशिष्ट्य नव्हे.

ही मंडळी मुंबईत कुठे वावरत होती, तेही थोडं सांगतो. कविता फक्त कवींमध्ये बसून लिहिली जात नव्हती. वॉर्डन रोडवर समुद्राला लागून भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होती. एकाच आवारात अल्काझींचं नाटक, रविशंकरांची संगीतशाळा, गायतोंडे-हुसेन यांच्यासारख्या चित्रकारांना काम करायला जागा. १९५९ मध्ये तिथे बाळ छाबडांनी 'गॅलरी ५९' काढली. १९६२ मध्ये ॲलन गिन्सबर्ग मुंबईत आला तेव्हा अल्काझींच्या गच्चीवर त्याचं काव्यवाचन झालं. कोलटकर स्वतः जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, पोटासाठी जाहिरात कंपन्यांत काम करणारे, आणि तिथे बक्षिसं मिळवणारे. काळा घोड्याला 'वेसाइड इन'मध्ये त्यांची बैठक वर्षानुवर्षं चालली. त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी त्याआधीच्या मराठी कवींकडे फारशी नव्हती: पान दिसतं कसं, हे त्यांना कळत होतं. जाहिरातीत काम करणाऱ्याला माहीत असतं की वाचणारा आधी बघतो आणि मग वाचतो. आणि मुंबईच्या रस्त्यावरची हिंदी, अमेरिकन सिनेमातली इंग्रजी आणि घरची मराठी यांत उच्च-नीच न करता कोलटकर त्यांत फिरत होते. बंबइया हिंदीत लिहिलेली कविता मराठी कवितासंग्रहात घालायची आणि तिचंच अमेरिकन बोलीत रूप करायचं, हे त्यांनी सहज केलं. मग ती कविता कोणत्या भाषेतली? आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हा प्रश्न परीक्षेला घालत असू. उत्तरं वाचून करमणूक व्हायची.

१९६९ कडे या. त्या वर्षी राजा ढाले आणि त्यांच्या काही मित्रांनी गिरगावात, 'मौज'च्या दारात, 'सत्यकथा'चा अंक जाळला. आम्ही तेव्हा महाविद्यालयात होतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर बातमी कळल्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो. आज तेवढ्या जोरात वाजवणार नाही. 'सत्यकथे'त राम पटवर्धनांसारखे संपादक लेखकाला पानंच्या पानं पत्रं लिहीत, एकेका वाक्यावर चर्चा करत. बंड करणाऱ्यांपैकी काहींचं लेखन तिथे आलेलंही होतं. पण जाळणाऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते समजून घ्यायला आम्हांला वीस वर्षं लागली. त्यांना 'सत्यकथा' वाईट आहे असं म्हणायचं नव्हतं. चांगलं काय, हे एकाच ठिकाणी आणि एकाच थरातल्या माणसांनी का ठरवायचं, असा त्यांचा सवाल होता. ढाले आणि नामदेव ढसाळ ज्या वस्त्यांतून आले होते तिथल्या भाषेवर 'सत्यकथे'चं संपादकीय संस्करण करायचं तरी कसं? १९७२ मध्ये 'गोलपिठा' आला तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना अनेक शब्दांचे अर्थ ढसाळांना विचारून घ्यावे लागले. मराठीतला एक अव्वल नाटककार मराठीतल्याच शब्दांचे अर्थ विचारतो आहे, आणि तसं विचारल्याचं प्रस्तावनेत कबूल करतो आहे! तेंडुलकरांचा हा मोठेपणा आम्हांला फार भावतो.

त्याच १९६९ सालात आणखी दोन गोष्टी घडल्या, आणि त्या वाङ्मयाच्या इतिहासात सहसा कुणी सांगत नाही. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली होती, तिच्यावर खटला चालू होता. मुंबईच्या उच्च न्यायालयाने ती अश्लील ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९६९ मध्ये तसं नाही असं म्हटलं. आणि त्याच वर्षी संसदेने भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ मध्ये दुरुस्ती करून एक अपवाद घातला: विज्ञान, साहित्य, कला किंवा विद्या यांच्या हितासाठी केलेलं आणि म्हणून लोकहिताचं असल्याचं सिद्ध झालेलं प्रकाशन या कलमात येणार नाही. या 'सिद्ध झालेलं' शब्दांवर आपण शेवटी येऊ.

(एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. एवढी सगळी नावं आम्ही घेतली, त्यांत बाईचं नाव आलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आम्ही विसरलो म्हणून आलं नाही असं नाही. सगळ्या प्रस्थापितांना जाब विचारणारी ही चळवळ या बाबतीत प्रस्थापितांसारखीच होती. मल्लिका अमरशेखांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ मध्ये आलं. क्रांतीच्या घरात स्वयंपाकघराकडे काय चाललं होतं हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी ते वाचावं.)

आता भित्तिपत्रकाकडे. १९७६ च्या सुमारास दोन गोष्टी झाल्या. इंग्रजीत लिहिणाऱ्या चार कवींनी, म्हणजे कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल यांनी, 'क्लिअरिंग हाउस' काढून आपली पुस्तकं आपणच छापली. कोलटकरांचं 'जेजुरी' त्यातलंच, त्याला पुढच्या वर्षी राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळालं. आणि मराठीत अशोक शहाण्यांनी 'प्रास प्रकाशन' सुरू केलं. १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' तिथून आल्या. शीर्षक नीट ऐका, 'कोलटकरांच्या' नव्हे, 'कोलटकरच्या'. पुन्हा एकेरी! मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कवी स्वतःला एकेरीत संबोधतो, ही गंमत त्या काळात सगळ्यांना जाणवली होती.

याच शहाण्यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गुर्जरांची 'गांधी मला भेटला' भित्तिपत्रक म्हणून काढली. पुस्तक नाही, मासिकातलं पान नाही. एक मोठा कागद, भिंतीवर लावायचा. गुर्जर हे अनियतकालिकांच्याच पिढीचे, 'गोदी', 'अरण्य' हे त्यांचे संग्रह. कवितेची रचना साधी आहे: दर वेळी तेच धृपद येतं, दर वेळी गांधी नव्या ठिकाणी भेटतो, आणि जिथे भेटतो तिथली बोली बोलतो. ही ठिकाणं सगळी सभ्य नाहीत, त्यामुळे बोलीही सभ्य राहत नाही. वाचणाऱ्याला पटकन कळतं की जागोजागी भेटणारा हा माणूस १९४८ मध्ये गेलेला माणूस नाही. त्याचं नाव घेऊन सगळ्यांनी जे जे केलं, ते ते त्याच्या तोंडून बोलतं आहे. आम्हांला यात भारुडाचा ढंग दिसतो. एकनाथांच्या भारुडात जोशी बोलतो, महार बोलतो, भूत बोलतं, विंचू चावलेला माणूस विव्हळतो, आणि आपण कधी 'एकनाथांना विंचू चावला होता का' असं विचारत नाही.

भित्तिपत्रक एकांतात वाचायची वस्तू नाही. पुस्तक उघडावं लागतं, भित्तिपत्रक समोर असतंच. तुम्ही ते कोणत्या भिंतीवर लावता यावरून तुम्ही कोण आहात ते येणाऱ्याला कळतं. गांधीजींची तसबीर सरकारी कचेरीत साहेबाच्या खुर्चीमागे असते. त्याच भिंतीच्या मापाचा कागद घेऊन शहाणे आणि गुर्जर म्हणत होते, हाही एक गांधी लावून बघा. आमच्या मते या कवितेतला प्रयोग तो आहे. शब्द सोपे, वाक्यरचना सोपी. कागदाची जागा बदलली.

आता आमची गोष्ट. ते भित्तिपत्रक आम्ही घेतलं होतं. तेव्हा आम्ही एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होतो. विभागाच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला आम्ही ते चिकटवलं. कपाट उघडलं की कविता दिसे, बंद केलं की नाही. ज्या विद्यार्थ्यांवर भरवसा होता त्यांना आम्ही कपाट उघडून दाखवत असू. आणि १९९४ मध्ये खटल्याची बातमी आली, त्या आठवड्यात आम्ही ते काढून घरी नेलं. कुणी सांगितलं नव्हतं. भित्तिपत्रकाला भिंत न देता कपाटाचं दार देणारा माणूस या विषयावर व्याख्यान देतो आहे, हे श्रोत्यांना माहीत असावं म्हणून सांगितलं.

१९९४ मध्ये झालं असं. बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या सभासदांसाठी निघणाऱ्या पत्रिकेच्या जुलै-ऑगस्टच्या अंकात ही कविता पुन्हा छापली गेली. पुण्याच्या पतित पावन संघटनेने तक्रार केली. संपादक-प्रकाशक, मुद्रक आणि कवी, तिघांवर गुन्हा. लातूरच्या न्यायालयापासून प्रकरण वर चढत गेलं. १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती प्रफुल्ल पंत यांनी निकाल दिला.

कविता तीच होती, शब्द न् शब्द. दहा-बारा वर्षं ती भिंतींवर (आणि कपाटांत) होती. मग पत्रिकेत गेल्यावर एकदम काय झालं? आमच्या मते कागद बदलला, आणि त्याबरोबर ती कुणाला उद्देशून आहे हे बदललं. 'प्रास'चं भित्तिपत्रक विकत घेणाऱ्याला 'गांधी' या एकेरीची चाल ओळखीची होती. तो ज्या मंडळींतला होता तिथे एकेरी हा शिरस्ताच होता. बँकेतल्या कर्मचाऱ्याला पगारवाढीच्या बातम्यांच्या शेजारी हे दिसलं. त्याच्या टेबलामागे भिंतीवर तसबीर आहे. तो दचकला तर त्याला बावळट म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. आणि छापणाऱ्या संपादकांनाही दोष देता येत नाही, चांगली कविता आपल्या माणसांपर्यंत पोचावी एवढंच त्यांना वाटलं असणार. पण अनियतकालिकांनी वाचक निवडून घेतले होते, आणि प्रयोग त्या निवडीवर उभा होता, ही गोष्ट तोवर कुणाच्या ध्यानात आली नव्हती. आमच्याही नाही.

निकालपत्र लांबलचक आहे, आणि वाचण्यासारखं आहे. काव्य म्हणजे काय, कवीचं स्वातंत्र्य म्हणजे काय, यावर पानंच्या पानं आहेत. कवीच्या बाजूने मांडणी अशी होती की इथे गांधी हे प्रतीक आहे, ऐतिहासिक व्यक्ती नव्हे. न्यायालयाने म्हटलं की ऐतिहासिकदृष्ट्या आदरणीय व्यक्तीचं नाव घेऊन तिच्या तोंडी अश्लील शब्द घातले, तर अश्लीलतेची कसोटी अधिक कडकपणे लावावी लागेल. एक वर्ष आधीच, २०१४ मध्ये, याच न्यायालयाने अवीक सरकार प्रकरणात एकोणिसाव्या शतकातली जुनी 'हिकलिन' कसोटी टाकून समकालीन समाजाची कसोटी स्वीकारली होती. तीच कसोटी इथे नावाच्या वजनानुसार कमी-जास्त होऊ लागली. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून आम्हांला इथे अडखळायला होतं. विशेषनाम एखाद्या व्यक्तीकडे बोट दाखवतं हे खरं. पण वर्षानुवर्षं नोटांवर, चौकांत, भाषणांत, शपथांत वापरलं गेलेलं नाव अजूनही फक्त त्या एकाच माणसाकडे बोट दाखवतं का? ते नाव इतक्यांनी इतक्या कामांसाठी वापरलं, की कवितेने त्या वापराकडे बोट दाखवलं तर ते बोट कुणाच्या छातीला लागतं?

आणि दुसरी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. इंग्रजीत 'भेटला' आणि 'भेटले' यांत फरकच नाही. ज्या प्रत्ययावर मराठी वाचक अडतो, चिडतो किंवा हसतो, तो प्रत्यय भाषांतरात शिल्लक राहत नाही. आक्षेप एकेरीवर नव्हता, पुढच्या शब्दांवर होता, हे आम्हांला मान्य आहे. पण ते पुढचे शब्द कसे ऐकायचे हे तो प्रत्यय सांगत होता. देवाशी भांडणाऱ्या नामदेवाचा, तुकारामाचा स्वर ज्याच्या कानात आहे, तो 'गांधी भेटला' पाशीच कान टवकारतो. भांडण घरातलं आहे, हे त्याला कळतं.

निकालाचा शेवट असा झाला: संपादक-प्रकाशक आणि मुद्रक सुटले, कारण आक्षेप येताच त्यांनी पुढच्या अंकात बिनशर्त माफी छापली होती. कवीवरचा खटला मात्र खालच्या न्यायालयात चालावा असं ठरलं. पत्रिका नियतकालिक होती, म्हणून तिला पुढचा अंक होता. कवीकडे माफी मागायला तसा अंक नव्हता, आणि मागायची होती असंही दिसत नाही. त्याच २०१५ मध्ये, फेब्रुवारीत, नेमाड्यांना ज्ञानपीठ जाहीर झालं होतं. एकाच पिढीतल्या दोघांपैकी एकाला दिल्लीहून पुरस्कार, दुसऱ्याला दिल्लीहून परत लातूरची वाट.

आता ते 'सिद्ध झालेलं' हे शब्द. १९६९ च्या दुरुस्तीने साहित्याला सवलत दिली खरी, पण हे प्रकाशन साहित्याच्या हिताचं आहे हे आरोपीने दाखवायचं असतं. कसं दाखवणार? जाणकारांची साक्ष काढून. म्हणजे समीक्षक, संपादक, प्राध्यापक यांनी कोर्टात उभं राहून सांगायचं की होय महाराज, ही कविता आहे. ज्या पिढीने संपादकाची मोहोर नाकारून हाताला शाई लावून घेतली, त्या पिढीतल्या कवीला शेवटी कविता ही कविता असल्याचा दाखला प्राध्यापकाकडून घ्यावा लागणार.

आम्हांला साक्षीला कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर काय केलं असतं, हे त्या कपाटाच्या दाराकडे बघून तुम्ही ताडलंच असेल. भित्तिपत्रक अजून घरी आहे, गुंडाळी करून ठेवलेलं. लावलेलं नाही.